सुपरहिरोची भूमिका चरित्र अभिनेत्रीला का नको?

सुपरहिरोपटांनी ज्येष्ठ चरित्र अभिनेत्यांना काम दिले नाही, अशी तक्रार कोणालाही करता येणार नाही. 1978 च्या ‘सुपरमॅन’मधले ग्लेन फोर्ड, 1989 पासूनच्या चार बॅटमॅनपटांत बटलर आल्फ्रेड रंगवणारे मायकेल गॉ, 2002 च्या ‘स्पायडर-मॅन’मधले क्लिफ रॉबर्टसन आणि रोझमेरी हॅरिस, ‘कॅप्टन अमेरिका’च्या 2011 च्या भागातले स्टॅनली टुची आणि टॉमी ली जोन्स, ‘थॉर’मधले अँथनी हॉपकिन्स, ‘ब्लॅक पँथर’मधल्या अँजेला बॅसेट अशी ही यादी हवी तेवढी लांबवता येईल. हॉलिवूडच्या महागड्या चित्रपटांत वय झालेल्या नटांना इतक्या नेमाने बोलावणारा दुसरा प्रकार चटकन आठवत नाही. तक्रार आहे ती त्यांच्या वाट्याला येणाऱ्या कामाच्या स्वरूपाबद्दल. नायकाला वाढवायचे, त्याच्या कानावर शहाणपणाचे चार शब्द घालायचे आणि त्याच्या मनात सूडाची किंवा कर्तव्याची ठिणगी पडावी म्हणून वेळेवर मरायचे, एवढ्यासाठी ही मंडळी पडद्यावर येतात. फोर्ड यांचा शेतकरी बाप हृदयविकाराने जातो, रॉबर्टसन यांचा बेनकाका गोळी लागून जातो आणि टुची यांचा शास्त्रज्ञ तर प्रयोग यशस्वी झाल्यावर काही मिनिटेसुद्धा धड जगत नाही.

या वापरापलीकडे एक पाऊल टाकून सत्तरीतल्या चरित्र अभिनेत्याला किंवा अभिनेत्रीला थेट सुपरहिरोचीच भूमिका द्यावी, असे मला वाटते. ही मागणी म्हाताऱ्यांवर उपकार म्हणून केलेली नाही. या चित्रप्रकाराच्या पोटात जी मूळ कल्पना आहे, म्हणजे एकाच देहात दोन आयुष्ये लपवून जगणारा माणूस, ती रंगवण्याची विद्या चरित्र अभिनेत्यांकडे इतर कोणाहीपेक्षा जास्त असते, हे तिचे कारण आहे. मुद्दा हवेत राहू नये म्हणून मी एका चित्रपटाची कल्पना केली आहे आणि त्यासाठी एक नावही पक्के केले आहे. पण त्याआधी आजची रीत कुठून आली ते पाहायला हवे.

‘सुपरमॅन’च्या श्रेयनामावलीत मार्लन ब्रँडो आणि जीन हॅकमन यांची नावे आधी येतात आणि ज्याने सुपरमॅन रंगवला त्या ख्रिस्तोफर रीव्हचे त्यांच्यानंतर. ब्रँडो यांना छोट्याशा भूमिकेसाठी सुमारे 37 लाख डॉलर आणि वर नफ्यातला वाटा कबूल करण्यात आला होता. निर्मात्यांचा हिशेब समजण्यासारखा होता. चड्डीवर चड्डी घालून उडणाऱ्या माणसाची गोष्ट पोरकट नाही, तिच्यात पैसे गुंतवायला हरकत नाही, हे पटवायला त्यांना वजनदार चेहरे हवे होते. चरित्र अभिनेत्यांच्या बाबतीतही पुढे हेच घडले. त्यांच्या चेहऱ्यावरची वर्षे ही चित्रपटाला लागणारी प्रतिष्ठा ठरली आणि ती दोन-चार दिवसांच्या चित्रीकरणापुरती भाड्याने घेता येऊ लागली. आज या चित्रपटांना अशा उसन्या प्रतिष्ठेची गरज उरलेली नाही, कारण जगभरची चित्रपटगृहे त्यांच्याच भरवशावर चालतात. रीत मात्र तशीच राहिली.

या रीतीची किंमत नट मोजतो आणि प्रेक्षकही मोजतो. ‘थॉर’मधल्या देवांच्या राजाच्या, ओडिनच्या भूमिकेत हॉपकिन्स यांना चिलखत चढवले, दाढी लावली, सिंहासनावर बसवले आणि थोडे ओरडायला सांगितले. ग्रीन स्क्रीनपुढे, म्हणजे मागचे दृश्य नंतर संगणकावर भरण्यासाठी लावलेल्या हिरव्या पडद्यापुढे, बसून अभिनय करण्यात काही अर्थ नाही, असे त्यांनी नंतर एका मुलाखतीत स्वच्छ सांगून टाकले. सुपरहिरोपट नसला तरी ‘द हॉबिट’च्या चित्रीकरणात इयन मॅकेलन यांच्यावर याहून वाईट प्रसंग आला. समोर सहकलाकार कोणीच नव्हते, होती ती त्यांची छायाचित्रे, आणि त्यांच्याकडे बघून संवाद म्हणता म्हणता या मुरलेल्या रंगकर्मीला रडू कोसळले. याउलट ‘स्पायडर-मॅन 2’मध्ये (2004) खलनायक डॉक्टर ऑक्टोपस रंगवणाऱ्या आल्फ्रेड मोलिना यांच्या पाठीला जे चार यांत्रिक हात होते, ते बऱ्याच दृश्यांत खरेखुरे बनवलेले होते आणि कळसूत्री कलावंत ते हलवत होते. मोलिना यांनी त्या हातांना नावेसुद्धा ठेवली होती, त्यांतल्या एकीचे नाव फ्लो. चष्मा काढण्यासारखी नाजूक कामे तिच्याकडे असत. डॉक्टर ऑक्टोपस इतक्या वर्षांनंतरही लक्षात राहतो, याचे बरेचसे श्रेय मी त्या संगतीला देतो. नटाला समोर काहीतरी, निदान पाठीवर काहीतरी लागते.

एवढे असूनही ज्या नटांना फक्त एखादे-दुसरे दृश्य मिळाले, त्यांनी त्याचे काय केले ते पाहिले की माझा मुद्दा आपोआप पुढे सरकतो. ‘द ॲव्हेंजर्स’मध्ये (2012) हल्क, म्हणजे संतापला की हिरवा राक्षस होणारा शास्त्रज्ञ, आकाशातून एका ओसाड इमारतीत कोसळतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा तो पुन्हा साधा, उघडावाघडा शास्त्रज्ञ झालेला असतो. समोर एक म्हातारा पहारेकरी उभा असतो. हा पहारेकरी हॅरी डीन स्टँटन यांनी केला आहे, वयाच्या 85 व्या वर्षी. तो घाबरत नाही, थक्क होत नाही, शस्त्र काढत नाही. अंगात घालायला एक विजार देतो, तू परग्रहावरचा आहेस का, एवढे विचारून घेतो आणि नाही म्हटल्यावर मग तुला काहीतरी आजार आहे बाबा, असा निष्कर्ष काढतो. दृश्य जेमतेम मिनिटभराचे आहे. पण त्या मिनिटात हल्कचा सगळा प्रश्न, म्हणजे हा राक्षस आहे की रुग्ण, एका माणसाच्या सहज स्वरात मांडून होतो. कोट्यवधी डॉलर खर्चून उभ्या केलेल्या शेवटच्या लढाईतले मला फारसे काही आठवत नाही. ही विजार आठवते.

‘स्पायडर-मॅन’मध्ये जे. के. सिमन्स यांनी वृत्तपत्राचा संपादक जेमसन रंगवला आहे. कंजूष, आरडाओरडा करणारा, स्पायडर-मॅनला गुन्हेगार ठरवण्याचा विडा उचललेला हा माणूस सुरुवातीपासून विनोदी पात्र म्हणूनच येतो. मग खलनायक ग्रीन गॉब्लिन खिडकी फोडून आत शिरतो, त्याचा गळा धरून त्याला उचलतो आणि स्पायडर-मॅनची छायाचित्रे कोण काढतो ते विचारतो. तो छायाचित्रकार, पीटर पार्कर, म्हणजे खुद्द स्पायडर-मॅनच, काही क्षणांपूर्वीपर्यंत त्याच खोलीत त्याच्यासमोर होता. गळा आवळला गेलेला जेमसन खोटे बोलतो: ठाऊक नाही, छायाचित्रे टपालाने येतात. सिमन्स हे वाक्य कोणतीही वीरश्री न आणता म्हणतात, नेहमीच्याच घाईत, जणू एखादा त्रासिक फोन टाळावा तसे. त्यामुळेच आपल्याला कळते की हा खवचट माणूस आपल्या माणसाला मरेपर्यंत विकणार नाही. पटकथेत ते वाक्य होतेच. पण त्यातली वीरश्री काढून घेण्याचा निर्णय हा अनुभवी चरित्र अभिनेत्याचा निर्णय आहे. तरुण नायकाने तिथे डोळे वटारले असते.

आणि रोझमेरी हॅरिस. ‘स्पायडर-मॅन 2’मध्ये पीटर आपल्या काकूला सांगतो की बेनकाकाच्या मृत्यूला आपणही जबाबदार आहोत. तिचा हात त्याच्या हातात असतो. ती काहीच बोलत नाही, हात हळूच काढून घेते, उठते आणि आपल्या खोलीकडे निघून जाते. एवढेच. सुपरहिरोच्या शक्तीला जबाबदारीची जोड हवी, हे या मालिकेत उच्चारून सांगणारी वाक्ये भरपूर आहेत. त्या जबाबदारीचे ओझे मात्र त्या काढून घेतलेल्या हातात जसे जाणवते तसे इतरत्र कुठेही जाणवत नाही.

आता मूळ मुद्दा. सुपरहिरोपटातले आजवरचे सर्वोत्तम अभिनयाचे दृश्य कोणते, असे मला विचारले तर मी ‘सुपरमॅन’मधल्या एका छोट्या प्रसंगाकडे बोट दाखवीन. क्लार्क केंट, म्हणजे चष्मा लावून साधा पत्रकार म्हणून वावरणारा सुपरमॅन, सहकारी लोइसच्या घरी आलेला असतो, ती आतल्या खोलीत आवरत असते. क्लार्क चष्मा काढतो. पाठ ताठ होते, खांदे रुंदावतात, गळा मोकळा होतो, आवाज खाली उतरतो आणि त्याच कपड्यांत तिथे सुपरमॅन उभा राहतो. खरे सांगून टाकावे असे त्याच्या मनात येते, धीर होत नाही, तो पुन्हा खांदे पाडतो, चष्मा चढवतो आणि क्लार्क होतो. ना दोरी, ना उडणे, ना कुठली करामत. रीव्ह तेव्हा पंचविशीच्या आसपास होता आणि देखणाही होता, पण त्या काही सेकंदांत त्याने जे केले ते नायकाचे काम नव्हते. शरीराची ठेवण बदलून माणूस बदलणे हे चरित्र अभिनेत्याचे काम आहे. सुपरहिरोच्या कथेचा गाभा उडण्यात नसून या चष्म्यात आहे, हे एकदा मान्य केले की मग सरळ प्रश्न उभा राहतो: हेच काम ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षे केले, त्यांना आपण बाप आणि काकूच्या खुर्चीत का बसवून ठेवतो?

तारा आणि चरित्र अभिनेता यांच्यातला फरक इथे नेमका उपयोगी पडतो. ताऱ्याने मुखवटा घातला तरी आत कोण आहे हे प्रेक्षक विसरत नाही, विसरू नये अशीच सगळी व्यवस्था असते. चरित्र अभिनेत्याचे उलट असते. त्याला आपण शंभर वेळा पाहिलेले असते, चेहरा ओळखीचा असतो, नाव मात्र ओठांवर येत नाही. गुप्त ओळख बाळगणाऱ्या माणसासाठी याहून योग्य अवस्था कोणती?

माझ्या कल्पनेतल्या चित्रपटाची नायिका शाळेच्या बसवरून निवृत्त झालेली, सत्तरी ओलांडलेली चालक आहे. हलणारी वस्तू थांबवणे ही तिची शक्ती. ती ठोसा मारत नाही, उडत नाही, आग ओकत नाही. वेगाने येणारे काहीही ती जागच्या जागी रोखू शकते. पण रोखलेला वेग कुठेतरी जायला हवा, तो तिच्या शरीरात जातो. एक ट्रक थांबवला तर पुढचे कित्येक दिवस तिचा खांदा वर होत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी तिला हिशेब करावा लागतो, आणि तो हिशेब वीस वर्षांच्या मुलाच्या शरीरात करून दाखवता येणार नाही, कारण त्याचा खांदा बरा होणार हे आपल्याला ठाऊक असते. तिला मुखवट्याची गरज नाही. अपघात टळल्यावर जमलेले लोक साक्षी देतात तेव्हा त्यांना तिथे कोणी एक बाई होती यापलीकडे काही सांगता येत नाही. तिच्यामागे लागतो तो एका विमा कंपनीतला आकडेमोड करणारा माणूस, कारण एका भागात जेवढे अपघात व्हायला हवेत तेवढे होत नाहीत, हे त्याच्या कागदावर दिसू लागते. (ही भूमिका चरित्र अभिनेते स्टीफन रूट यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाला दिलेली मला चालणार नाही, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

नायिकेच्या भूमिकेसाठी माझी निवड मार्गो मार्टिनडेल. 1951 साली टेक्ससमध्ये जन्मलेल्या या अभिनेत्रीचे नाव सर्वसाधारण प्रेक्षकाला सांगावे लागते, चेहरा दाखवला की तो लगेच मान डोलावतो. ‘जस्टिफाइड’ या मालिकेत त्यांनी डोंगराळ भागातल्या गुन्हेगार कुटुंबाची प्रमुख मॅग्ज बेनेट रंगवली आणि 2011 साली टीव्हीसाठी दिला जाणारा एमी पुरस्कार मिळवला. त्या मालिकेत मॅग्ज एका शेजाऱ्याला घरगुती दारू देते, स्वतःही घेते आणि मग शांतपणे त्याला कळू देते की विष बरणीत नव्हते, त्याच्या पेल्यात होते. तो मरत असताना ती त्याचा हात धरून बसते, आणि तिची माया खोटी नसते, हे त्यातले सर्वांत भयंकर. ‘द अमेरिकन्स’मधली त्यांची क्लॉडिया अमेरिकेत वावरणारी सोव्हिएत गुप्तहेर आहे, कोणाच्याही घरी फराळाला येऊन बसावी अशी दिसणारी, आणि तिथूनच माणसांच्या आयुष्यांचे निर्णय करणारी. त्या भूमिकेसाठी 2015 आणि 2016 अशी सलग दोन वर्षे त्यांना एमी मिळाला. सामान्य दिसण्याआड अफाट शक्ती दडवणे हेच जर सुपरहिरोचे लक्षण असेल, तर मार्टिनडेल तेच करत आल्या आहेत, फक्त अंगरखा न घालता.

चित्रपटातला जो प्रसंग त्यांच्यासाठी योजला आहे तो असा. विमा कंपनीचा माणूस तिच्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसला आहे. संशय आहे, पुरावा नाही. बोलता बोलता तो टेबलावरची पेन्सिल बोटाने हलकेच ढकलतो. पेन्सिल गडगडत कडेकडे जाते. आयुष्यभर जे जे घसरते ते ते धरण्याची सवय लागलेल्या या बाईला आता काहीही करायचे नाही, पेन्सिल पडू द्यायची आहे. कॅमेरा तिच्या हातावर नको, चेहऱ्यावरही फार जवळ नको. दोघे आणि पेन्सिल एका चौकटीत असावीत. या प्रसंगाला संगणकाची एकही करामत लागत नाही, आणि माझ्या मते चित्रपटातली ती सर्वांत मोठी लढाई ठरेल, अट एवढीच की स्वतःला रोखणे रोखताना न दाखवता कळवू शकेल अशी नटी तिथे हवी.

यावर पहिला आक्षेप शरीराचा घेतला जाईल. सत्तरीतल्या व्यक्तीकडून मारामारी कशी करवून घेणार, आणि एवढ्या वयाच्या मुख्य कलाकाराचा विमा कोण उतरवणार? दुसरा भाग खोटा नाही. मुख्य कलाकार आजारी पडला तर चित्रीकरण थांबते, विमा कंपन्या त्यासाठी वैद्यकीय तपासणी करून घेतात आणि वयाबरोबर धोका वाढतोच. मात्र पहिला भाग या चित्रप्रकाराला लागू करणे विचित्र आहे. मुखवटा, चिलखत, स्टंट कलाकार आणि संगणकावर बनवलेला देह या चौघांची मिळून सुपरहिरोची हाणामारी होते. नटाचे स्वतःचे शरीर जिथे सर्वांत कमी लागते असा हाच तर मारधाडीचा प्रकार आहे. आणि जिथे ते खरोखर लागले तिथेही वय आडवे आलेले नाही. 2021 च्या ‘नोबडी’साठी विनोदी आणि चरित्र भूमिकांत मुरलेल्या बॉब ओडेनकर्क यांनी दोन वर्षे तालीम केली आणि पन्नाशीच्या उत्तरार्धात ते मारामारीच्या चित्रपटाचे नायक झाले. 2024 च्या ‘थेल्मा’मध्ये नव्वदी ओलांडलेल्या जून स्क्विब यांना आयुष्यातली पहिली मध्यवर्ती भूमिका मिळाली, तीही साहसपटात, आणि वयस्करांच्या स्कूटरवरचा पाठलाग त्यांनी झोकात केला. ‘थेल्मा’ विनोदी आहे आणि तिने विनोदाची मर्यादा सांभाळली आहे. माझ्या चित्रपटात मात्र म्हातारी बाई ट्रक अडवते यावर कोणी हसता कामा नये. हसू आले तर चूक दिग्दर्शकाची समजावी.

दुसरा आक्षेप पैशाचा. स्टुडिओला एक चित्रपट नको असतो, दहा-पंधरा वर्षे चालणारी मालिका हवी असते. हेरप्रमुख निक फ्युरीच्या भूमिकेसाठी सॅम्युअल जॅक्सन यांच्याशी मार्व्हल स्टुडिओचा 2009 साली झालेला करार नऊ चित्रपटांचा होता. पण वीस-पंचवीस कोटी डॉलर खर्चाचे चित्रपट काढायचे आणि म्हणून दीर्घायुषी नायक शोधायचा, या चक्रातून बाहेर पडण्याची वाट या प्रकारानेच दाखवलेली आहे. ‘लोगन’ (2017) सुमारे 10 कोटी डॉलरमध्ये झाला आणि त्याने जगभरात 60 कोटींहून जास्त कमावले. ‘जोकर’चा (2019) खर्च याहूनही कमी होता आणि त्याची कमाई 100 कोटींपलीकडे गेली.

‘लोगन’जवळ जरा थांबायला हवे, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तिथे आहे. पॅट्रिक स्ट्यूअर्ट यांचा प्राध्यापक झेवियर, ‘एक्स-मेन’ मालिकेतला, इतरांची मने ताब्यात घेऊ शकणारा गुरू, त्यात नव्वदीला आलेला आहे आणि त्याचा मेंदू साथ सोडतो आहे. जगातला सर्वांत सामर्थ्यवान मेंदू झटके येऊ लागल्यावर काय करील? गोळी वेळेवर घेतली नाही तर आसपासच्या शेकडो माणसांचा श्वास कोंडतो. वृद्धत्व इथे सजावट नाही, ती कथेची यंत्रणा आहे, आणि स्ट्यूअर्ट यांनी हा हट्टी, शिवराळ, मधूनच लख्ख होणारा म्हातारा असा केला आहे की आधीच्या सगळ्या भागांतला सभ्य गुरू त्याच्यापुढे कागदी वाटतो. तरीही चित्रपट त्याचा नाही. तो नायकाचा आहे आणि म्हातारा ठरल्याप्रमाणे मध्येच मरतो. एवढी मोठी कल्पना हातात असताना ती दुय्यम पात्राला देऊन पुढे जाणे, हा मला त्या उत्तम चित्रपटातला एकमेव संकोच वाटतो.

कॉमिक्सशी इमान राखण्याचा आग्रह हा तिसरा आक्षेप. त्यावर फार वेळ घालवण्यासारखे नाही. निक फ्युरी हे पात्र अनेक दशके गोरे होते. 2002 मध्ये एका नव्या कॉमिकमध्ये चित्रकाराने त्याला सॅम्युअल जॅक्सन यांचा चेहरा दिला आणि सहा वर्षांनी साठीच्या उंबरठ्यावरचे जॅक्सन स्वतःच त्या भूमिकेत आले. म्हणजे इथे नटाने कागदावरचे पात्र घडवले. उलट चाहत्यांनी वर्षानुवर्षे मागितलेला नट दिला की काम भागते असेही नाही. जॉन क्रॅसिन्स्की यांना ‘फँटॅस्टिक फोर’मधल्या रीड रिचर्ड्स या सुपरहिरोच्या रूपात पाहण्याची मागणी 2022 मध्ये पुरी करण्यात आली, ती काही मिनिटांत त्यांना मारून टाकण्यासाठी. सीझर रोमेरो यांनी 1966 च्या बॅटमॅन मालिकेत जोकर करताना मिशी काढायला नकार दिला होता; मिशीवरच पांढरा रंग चोपडला गेला आणि ती जवळच्या दृश्यांत सरळ दिसते. मालिकेचे त्याने काही बिघडले नाही.

चौथा आक्षेप मात्र मी स्वतःलाही विचारतो. चरित्र अभिनयाची गंमत त्याच्या आटोपशीरपणात असते. स्टँटन यांचा पहारेकरी तासभर पडद्यावर राहिला असता, त्याची कौटुंबिक दुःखे आपल्याला सांगितली गेली असती, तर ती विजार लक्षात राहिली असती का? कडेला उभा राहून चमकणारा नट मधोमध आणला की कधीकधी फिका पडतो, हे खरे आहे. पण तो दोष बहुधा लेखनाचा असतो. नायक झाला की त्याचे सगळे काही समजावून सांगितले पाहिजे, असा पटकथाकारांचा समज असतो आणि चरित्र अभिनेत्याची शक्ती न सांगितलेल्या गोष्टींत असते. स्टँटन यांना पहिली मुख्य भूमिका 1984 मध्ये ‘पॅरिस, टेक्सस’ने दिली तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती, आणि त्या चित्रपटात पहिला बराच वेळ नायक तोंडातून शब्दही काढत नाही. मार्टिनडेल यांची परीक्षाही एकदा छोट्या प्रमाणात झालेली आहे. ‘पॅरिस, जे तेम’ (2006) या लघुकथांच्या चित्रपटात शेवटची कथा त्यांच्या एकटीच्या खांद्यावर आहे: डेन्व्हरची एक टपाल कर्मचारी पॅरिसला आली आहे आणि शिकाऊ, अडखळत्या फ्रेंचमध्ये आपल्या सहलीविषयी सांगते आहे. सुरुवातीला आपण तिच्या उच्चारांना हसतो. बागेतल्या बाकावर ती पोहोचते तोवर हसण्याची हिंमत होत नाही. सहा-सात मिनिटे केंद्रस्थानी राहूनही ती बाई आपल्याला पुरती उलगडत नाही. हे तासा-दीड तासावर नेता येईल की नाही ते केल्याशिवाय कळणार नाही, पण शंका घेणाऱ्यांनी आधी ते पाहावे.

या सगळ्याला अलीकडे एक तातडीचे कारणही मिळाले आहे. वयावर स्टुडिओंनी शोधलेला उपाय म्हणजे वय पुसणे. ‘अँट-मॅन’च्या (2015) सुरुवातीला मायकेल डग्लस यांना काही मिनिटांसाठी तरुण करण्यात आले आणि चारच वर्षांनी ‘कॅप्टन मार्व्हल’मध्ये जॅक्सन जवळजवळ पूर्ण चित्रपटभर कोवळे दिसले. 2023 मध्ये अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने 118 दिवस संप केला तेव्हा नटाच्या डिजिटल प्रतिकृतीसाठी त्याची संमती आणि मोबदला हा वाटाघाटींतला एक मुख्य मुद्दा होता. संमतीचे नियम आवश्यकच आहेत. पण नियम नटाला त्याच्या चेहऱ्याचा मोबदला मिळवून देतील, त्याच्यासाठी भूमिका लिहिणार नाहीत. चाळिशीतला चेहरा संगणकात जपून ठेवता येऊ लागला की सत्तरीतल्या खऱ्या माणसाला बोलवायचे कशाला, हा प्रश्न कोणीतरी हिशेबनीस विचारणारच. त्याला खरे उत्तर एकच आहे: जिच्यातून वय काढले तर भूमिकाच कोसळेल, अशा भूमिका लिहिणे.

शिवाय ज्येष्ठ नट येताना बरोबर काय घेऊन येतो याचा अंदाज निर्मात्यांना आधी येत नाही. ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’मध्ये (2016) वाकांडा या ब्लॅक पँथरच्या काल्पनिक आफ्रिकी देशाच्या राजाच्या लहानशा भूमिकेसाठी दक्षिण आफ्रिकेचे जॉन कानी यांना घेतले होते. वर्णद्वेषी राजवटीच्या काळात नाटके करून 1975 साली अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळवलेला हा माणूस. राजा आपल्या मुलाशी इंग्रजीत कशाला बोलेल, अशा विचाराने त्यांनी आपली खोसा भाषा सुचवली, मुलाच्या भूमिकेतले चॅडविक बोझमन त्यांच्याकडून वाक्ये शिकले, दिग्दर्शकांनी ते मान्य केले आणि दोन वर्षांनी ‘ब्लॅक पँथर’ आला तेव्हा खोसा ही वाकांडाची भाषा होऊन बसली होती. राजा ‘सिव्हिल वॉर’मध्येच बॉम्बस्फोटात मेला, रिवाजच तो. त्याने दिलेली भाषा पुढच्या चित्रपटांनी वापरली. एवढ्याशा भूमिकेतून जर एका काल्पनिक देशाला भाषा मिळत असेल, तर पूर्ण चित्रपट हाती दिल्यावर अशा नटाकडून काय मिळेल याची उत्सुकता निदान एखाद्या निर्मात्याला वाटायला हरकत नाही.

दुसऱ्या भागाचे काय, हे स्टुडिओ पहिल्याच बैठकीत विचारील. त्याचे उत्तर तयार ठेवलेले बरे. दुसरा भाग काढायचाच असेल तर मधल्या वर्षांत नायिकेचे वय वाढले आहे हे कथेत धरावे, तिचा खांदा आता अजिबात वर होत नाही असे मानून पटकथेला सुरुवात करावी, तिचा तरुणपणीचा भाग काढण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये, आणि मार्टिनडेल उपलब्ध नसतील तर भूमिका साठीपलीकडच्याच अभिनेत्रीला द्यावी, हे कलम करारात स्पष्ट लिहून घ्यावे.